डब्याचा मुंढा

४ नोव्हेंबर, मंगळवार

सेक्रेटरी सुबोध सकाळीच दारात. "मीराताई, डबा महिनाअखेरपर्यंत हलवा. त्या कोपऱ्यात इलेक्ट्रिक गाड्यांचं चार्जिंग येतंय." मी म्हटलं, हलेल. चार डिसेंबरला हलेल, स्वतःच्या चाकांवर. त्यावर तो हसला. "ताई, त्या टायरातून आता फक्त झाड उगवायचं बाकी आहे. मी भंगारवाल्याला सांगतो, तो उचलून नेईल, तुम्हाला काही त्रास नाही."

मला त्रास नाही म्हणे! माझ्या नवऱ्याने हाताने उभी केलेली वस्तू भंगारात जाणार आणि मला त्रास नाही. दार लावून घेतलं. चहा उतू गेला तो वेगळाच.

डबा म्हणजे आमची मागे ओढायची गाडी. आत झोपायचे दोन बाक, छोटी मोरी, खिडक्या, दार. भीमराज मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये फॅब्रिकेशनच्या शेडवर होता, तिथे हा सांगाडा मोडायला आला होता. कोणा परदेशी इंजिनिअरांनी साठ-पासष्ट सालच्या सुमारास बोटीने आणलेला. भीमराजने तो मोडला नाही. सुट्ट्या घालून पत्रा बदलला, दार बसवलं, आणि मग दर वर्षी पाच आणि सहा डिसेंबरला डबा हायवेवर मुलुंडच्या नाक्याजवळ उभा राहायचा. दादरला अभिवादनाला निघालेल्या ट्रक-जीपमधल्या बायका तिथे उतरायच्या, बाळाला पाजायच्या, कपडे बदलायच्या, पाठ टेकायच्या. भीमराज गेला आणि मग सलग तीन वर्षं डिसेंबरात डबा हलला नाही. या वर्षी हलणार. लोकांसमोर मी त्याला 'अन्याचे पप्पा' म्हणत आले, पण इथे मला कोण विचारतंय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळी विहारात सहा डिसेंबरच्या तयारीची मीटिंग. प्रीतम या वर्षी अध्यक्ष. माझ्या डोळ्यांदेखत मोठा झालेला पोरगा, आता मला 'मॅडम' म्हणतो. म्हणाला, "डब्याच्या मागे कशाला लागता? आपण तंबू टाकू. पडदा लावला की झालं."

मी विचारलं, "प्रीतम, पडद्याला कडी असते का रे?"

मग मी सांगितलं, जे या लोकांनी कधी विचारलंच नव्हतं. अन्या तान्हा असताना आम्ही जालन्याहून ट्रकने आलो होतो. ट्रकमध्ये चाळीसेक माणसं. पाजायला बसले की कोणीतरी मान वळवायचं, कोणीतरी नाही वळवायचं. नाक्यावर ट्रक थांबला तेव्हा मी दोन ट्रकांच्या मधल्या फटीत, डिझेलच्या वासात बसून अन्याला पाजलं आणि भीमराज माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. वाऱ्याने उडत नाही असं, आतून लावता येणारं दार मला त्या दिवशी हवं होतं. त्याने पुढे ते केलं.

प्रीतम म्हणाला, "बरं, तुमचा डबा चालू झाला तर बघू." 'झाला तर' वर जोर होता. मीही जोरात 'जय भीम' म्हटलं आणि निघाले.

८ नोव्हेंबर, शनिवार

टायर बघितली. रबर फाटलेल्या टाचांसारखं. स्टेपनीचीही तीच गत. बाजूवरचे आकडे घासून गेलेत, पण रिम तेरा इंची आहे, टेपने मोजली. डबा विटांच्या खांबांवर चढवलेला आहे, भीमराजनेच शेवटच्या वर्षी चढवला, म्हणून निदान रिम गंजली नाही.

दुसरी गोष्ट. आत कोणीतरी येऊन बसतंय. उशी खिडकीजवळ सरकवलेली, खाली शेंगदाण्याची टरफलं. वॉचमनला झापलं. तो शपथा घ्यायला लागला. नवीन कुलूप आणून लावलं. जेवताना अन्याला सांगितलं तर त्याचा घास हातातच राहिला. "कुलूप कशाला आई? कोण चोरणार आहे?" म्हटलं, चोरीचा प्रश्न नाही, माझ्या परवानगीचा प्रश्न आहे. ताट तसंच ठेवून उठला.

याला डब्याची लाज वाटते. ऐरोलीला मोठ्या कंपनीत आहे, नवी उंच गाडी घेतलीय, आणि तिच्या शेजारीच आईचा डबा. तोंडाने म्हणत नाही एवढंच.

११ नोव्हेंबर, मंगळवार

घाटकोपरला नंदूशेठच्या टायरच्या दुकानात. फोटो दाखवला तर दुकानातली सगळी माणसं गोळा झाली. नंदूशेठ म्हणाले, "झकास पीस आहे ताई! विकायचा काय? लोणावळ्यात रिसॉर्टवाले डोळे झाकून घेतील." मी म्हटलं, टायर दाखवा.

त्यांनी छोट्या कारची काढली. "तेरा इंची ना? बसतील ना बिनधास्त."

बसतील हे मलाही दिसत होतं. माझ्याकडे शिवणाला रोज बायका येतात, बत्तीसचा ब्लाउज छत्तीसच्या अंगात बसवून आलेल्या. बसतो तोही. हूक लागतात, आणि बाई लग्नात वाकली की पाठीत उसवतो. मी विचारलं, "कारचं ओझं चार चाकांवर असतं. माझ्या डब्याला दोनच आहेत. आत बाक, पाण्याचा ड्रम आणि बायका. यातलं एक टायर किती किलो उचलेल?" नंदूशेठ कान खाजवत बसले. मग म्हणाले, "एवढं कोण बघतं ताई?"

मी बघते. आले परत.

रात्री अन्याने व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवला, एक शब्द न लिहिता. ट्रेलरच्या टायरवर ओझ्याचा आकडा कुठे छापलेला असतो, टायर कोणत्या आठवड्यात बनलं ते कसं वाचायचं. शेजारच्या खोलीतून! टोमणा मारायचा तर तोंडाने मारावा माणसाने. पण व्हिडिओ दोनदा पाहिला, कामाचा होता.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

परत नंदूशेठ. या खेपेला म्हटलं, टेम्पोची जात दाखवा, माल उचलणारी. त्यांनी दोन काढली, काळीभोर, चमकणारी. मी चष्मा लावून बाजूवरचे चार आकडे वाचले, दोन आठवड्याचे, दोन सालाचे. टायर सहा वर्षांचं होतं. म्हटलं, "शेठ, पॉलिश मारलेला जुना माल मला नका दाखवू. मी कापडाची किनार बघून माल कोणत्या दिवाळीचा आहे ते सांगते."

नंदूशेठनी ती दोन परत आत ठेवली. मग पोऱ्याला म्हणाले, "ताईंना चहा सांग रे."

१६ नोव्हेंबर, रविवार

आज माप घेतलं. चाकावरची पत्र्याची कमान म्हणजे गाडीचा मुंढा, बाही जिथे बसते ती जागा. मुंढा घट्ट झाला तर हात हलत नाही आणि सैल झाला तर झोळ. मी ब्राउन पेपरची कमान कापली, टायरचा गोल कापला, एकावर एक ठेवून पाहिला. वर भरपूर मार्जिन, दोन बोटं काय, वीतभर. मग नंदूशेठकडची उंच, जाड टेम्पोची टायरच घ्यायची. ताजी, या वर्षाची. ओझ्याच्या आकड्यातही चांगली वरचढ.

सपना माझ्या शिवणक्लासची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी, ती कागद धरायला होती. म्हणाली, "मॅडम, एवढं मोठं टायर?" मी म्हटलं, आयुष्यभर तंतोतंत मापं शिवली, आता एकदा ऐसपैस घेते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

टायर बसली! नंदूशेठची माणसं येऊन लावून गेली. डबा एकदम रुबाबदार दिसतोय, पाटलाच्या पायात नवा जोडा असावा तसा. सुबोध गॅलरीतून बघत होता. मी मुद्दाम हात केला. त्यानेही केला.

अन्याने आज गाडीला मागे लोखंडी हुक बसवून घेतलाय. म्हणे, सायकल अडकवायला. याला शाळा सुटल्यापासून सायकलवर बसलेलं पाहिलेलं नाही मी. पैसे उडवायचे झाले की माणसाला काहीही सुचतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

वाट लागली.

आज विटा काढल्या. डबा जमिनीवर उतरवला. चाकं टेकली, तोवर सगळं ठीक. मग मी भरून बघायचं ठरवलं, नाक्यावर असतो तसा. ड्रम भरला, गाद्या टाकल्या, आणि तिघी-चौघी बाहेर ठेवून क्लासच्या बाकी सगळ्या बायकांना आत बसवलं. डबा हळूहळू खाली आला. येतच राहिला. सपनाने बाहेरून हाक मारली, "मॅडम, अडकलं!"

टायर कमानीला टेकलं होतं. चौघींनी मिळून ढकललं तर रबर पत्र्याला घासून किंकाळी फुटल्यासारखा आवाज. आतल्या बायका हसत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण मला त्याच क्षणी कळलं. विटांवर चढवलेल्या गाडीचं चाक खाली लोंबतं. मी हात वर करायला लावून मुंढ्याचं माप घेतलं होतं! पहिल्या दिवशी नव्या मुलीला मी काय सांगते? हात खाली, सरळ उभी राहा, श्वास सोड, मग टेप लाव. क्लासच्या बोर्डावर लिहिलंय ते माझ्या अक्षरात. आणि मी स्वतः, इतकी वर्षं या धंद्यात काढून. परत क्लासमध्ये आल्यावर सपना बोर्डाकडे बघत नव्हती, मुद्दाम बघत नव्हती, ते जास्त लागलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सुबोध एका मिस्त्रीला घेऊन आला. मिस्त्री म्हणाला, ग्राइंडर मारून कमान चार बोटं वर कापू, अर्ध्या तासाचं काम. मी विचारात पडले. कमान भीमराजने हातोडीने गोल केली आहे, कडा आत दुमडून, कोणाचा पदर अडकू नये म्हणून. पण पर्याय काय, तारीख जवळ आलीय. मी 'बरं' म्हणणार तेवढ्यात अन्या ओरडला. ऑफिसला निघालेला, बॅग खांद्यावर, जिन्यातूनच. "कापायचं नाही! कोणी हात लावायचा नाही त्याला!"

मिस्त्रीने ग्राइंडर खाली ठेवला. सुबोध माझ्याकडे बघायला लागला. अन्या लालबुंद होऊन गाडीत बसला आणि निघून गेला.

ग्राइंडरचा आवाज होईल, लोक गॅलरीत जमतील, साहेबांची इज्जत जाईल, दुसरं काय. पण मला तेवढा धक्का पुरला. म्हटलं, नाही कापायचं. बाही मोठी शिवली म्हणून अंग कापतं का कोणी? बाही उसवायची.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

या खेपेला डबा जमिनीवर, ड्रम भरलेला, बायका आत, श्वास सोडून. खरं माप मिळालं. टायर उंचीला कमी हवं, पण ओझं मालगाडीसारखं उचलणारं. अशी गाडी कोणती? दिवसभर तेच डोक्यात. ब्लाउजला गळा उलटा लावून बसले.

मग दुपारी शाळा सुटताना खिडकीतून दिसली. पोरांची व्हॅन. बुटकी, छोटी चाकं, आणि आत पोरं, दप्तरं, बाटल्या कोंबून भरलेल्या. रोज दोन वेळा. टेप घेतला, सपनाला घेतलं आणि शाळेच्या गेटवर गेले. व्हॅनच्या चाकाशी उकिडवी बसून माप घेत होते तर ड्रायव्हर धावत आला. त्याला वाटलं आरटीओ. "मॅडम, सगळे पेपर आहेत, पोरं पण जास्त नाहीत बसवत!" आणि आतून पोरं उतरायला लागली, उतरतच राहिली. सपना हसून हसून भिंतीला टेकली.

मी म्हटलं, "पेपर नको रे बाबा, चाक दाखव." टायर तेरा इंचीच. ओझ्याचा आकडा मला हवा त्याच्याही वर. कागदावर गोल काढून घरी आणला, कमानीखाली धरला. वर दोन बोटं मोकळी.

जमिनीवर बसून रडले थोडीशी. कोणी बघत नव्हतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

नंदूशेठ टायर परत घ्यायला तयार नव्हते. "ताई, चढलेला माल आम्ही परत घेत नाही." मी म्हटलं, चढलाय, चाललाय कुठे? एक फूट पण नाही. दुकानात भांडण जुंपलं. शेवटी कळलं, त्यांच्या मुलीचं माघात लग्न आहे आणि तिच्या शिंप्याने सगळे ब्लाउज बिघडवलेत. मी तिथेच म्हटलं, पाठवा तिला माझ्याकडे. सौदा पक्का. व्हॅनची टायर, तिन्ही ताजी, स्टेपनीसकट.

संध्याकाळी सुबोध जिन्यात भेटला. महिनाअखेर रविवारीच. मी भांडायच्या तयारीनेच थांबले. तो म्हणाला, "ताई, चार तारखेपर्यंत असू दे डबा. अनिरुद्धशी बोलणं झालंय." आणि घाईने वर गेला. अन्याचं नाव उगाच पुढे केलं, माझ्या आवाजाला घाबरला खरं म्हणजे. घाबरलेलं बरं.

२ डिसेंबर, मंगळवार

टायर लागली. डबा भरून ढकलला. काही घासलं नाही. परत भरून, परत ढकलला. मग क्लासच्या बायकांना म्हटलं, आता आत उड्या मारा. मारल्या. दोन बोटं मोकळी ती मोकळीच.

प्रीतमला फोन केला. ओढायला टेम्पो तो देणार होता. म्हणे, टेम्पो तंबूचं सामान न्यायला लागणार आहे, तुमचं नक्की नव्हतं म्हणून. मी सांगितलं, माझं चार नोव्हेंबरपासून नक्की आहे, तुम्ही लोकांनी ऐकलं नाही. फोन ठेवला. आणि मग बराच वेळ नुसती बसून राहिले. टायर आहेत, आणि पुढे बैल नाही.

अन्या पाणी प्यायला आला. काय झालं विचारलं. सांगितलं. तो म्हणाला, "गुरुवारी सुट्टी टाकलीय मी. माझ्या गाडीला लावू."

"तुझ्या गाडीला?"

"हुक आहे ना."

बरं झालं बाई, सायकलसाठी का होईना, हुक घेतला होता. नशीब म्हणतात ते हेच. मी तसं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "हो आई, नशीबच." हसत होता. कशाला ते कळलं नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

गेला डबा! सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडताना मी बाजूने चालत होते, कान टायराकडे. रबर रस्त्यावर चालल्याचा आवाज, बाकी काही नाही. सुबोधने गेट धरलं होतं. वॉचमनने सलाम ठोकला, मी त्याला टरफलांबद्दल माफ करून टाकलं.

अन्या इतका हळू चालवत होता की मागून रिक्षावाले शिव्या देत होते. प्रत्येक खड्ड्याला थांबायचा, उतरायचा, कमानीखाली हात घालून बघायचा, परत बसायचा. मी म्हटलं, "अरे काय लग्नाची वरात आहे का? चल ना." तर म्हणाला, "पप्पा याहून हळू चालवायचे." आवाज कसातरी झाला होता त्याचा. सर्दी झाली असणार, काल पंख्याखाली झोपला. काढा करून देते परत गेल्यावर.

नाक्याजवळ डबा लावला. प्रीतमचा तंबू शेजारीच. वाऱ्याने पडदा फडफडत होता. बघितलं फक्त.

५ डिसेंबर, शुक्रवार

पहाटेपासून ट्रक लागलेत. अकोला, वाशीम, परभणी, आमचं जालना. पहिली बाई आली ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आत किती टाइम बसता येतं?" म्हटलं, बाळाचं पोट भरेपर्यंत. तिने आत जाऊन कडी लावली. मग रांगच लागली. प्रीतमने आपल्या बाजूने खुर्च्या आणून रांगेतल्या बायकांना दिल्या, 'मॅडम' न म्हणता 'मावशी' म्हणाला.

दुपारी एक मुलगी आली, विशीची, पातूरची. पोर तीन महिन्यांचं. डोळे आत गेलेले. आत गेली आणि बाहेर येईना. रांग कुरकुरायला लागली. मी दार वाजवलं, तिने कडी काढली, पोर माझ्या हातात दिलं, म्हणाली, "काकू, पाच मिनिटं धरता का? दोन रात्री पाठ टेकली नाही." आणि मी 'हो' म्हणायच्या आत कडी परत लागली.

पाच मिनिटं कधीच होऊन गेलीत. रांगेतल्यांना मी बाहेर, दुसऱ्या बाजूच्या खिडकीखाली, चादरीचा आडोसा करून दिलाय, अन्याने दोऱ्या बांधल्या, माझी साडी फाडून. भांडल्या काही जणी. म्हटलं, भांडा, पण मी तिला उठवणार नाही. तुम्ही झोपला असतात तर तुम्हालाही उठवलं नसतं. मग एक म्हातारी म्हणाली, "झोपू दे लेकराला," आणि तिने लेकरू म्हटलं ते आतलीला, माझ्या हातातल्या पोराला नाही.

आत्ता डब्याच्या पायरीवर बसून लिहितेय. पोर मांडीवर झोपलंय म्हणून अक्षर वाकडं येतंय. मघाशी ट्रॅफिकचा हवालदार येऊन गेला. सर्व्हिस रोड मोकळा करायचाय म्हणाला, व्हीआयपी गाड्या येणार, हा डबा इथून काढा. मी म्हटलं, आत बाई झोपलीय. तो म्हणाला, तिला उठवा. मी म्हटलं, तुम्ही उठवा, हे तिचं पोर घ्या, हे दार, वाजवा. तो पोराकडे बघत राहिला, मग दाराकडे. अन्या माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, प्रीतम त्याच्या शेजारी, मग रांगेतल्या बायका एकेक करून, मघाशी भांडलेल्यासुद्धा. हवालदार वॉकीटॉकीवर काहीतरी पुटपुटत पुढे गेला.

तो साहेबाला घेऊन परत येतोय, दिसतोय मला लांबून. येऊ दे. ती उठेल तेव्हा उठेल, तोवर हा डबा इथून हलणार नाही.